ठिपकाबाई खुडूक बसल्या ते समयींची हकीकत

श्री उंबरठ्यावरील गणपतीस वंदन, चुलीस वंदन, आणि ज्या शेवग्याखालीं हें सर्व प्रकरण घडलें त्या शेवग्यासही वंदन करून हकीकत लिहितों ती ऐसी जे, शके एकोणीसशें शेहेचाळीस, क्रोधी नाम संवत्सरीं, कार्तिक वद्य पक्षीं परसराज्यांत ठिपकाबाई नामें कोंबडी खुडूक बसली. संवत्सराचें नांवच क्रोधी, तेव्हां पुढें जो संताप झाला त्याचा सारा बोल एका कोंबडीस लावणें न्यायाचें नव्हे. तथापि निम्मा लावणें प्राप्त आहे.

परसराज्य म्हणजे घराचे मागील मुलूख. पूर्वेस उकिरडा, पश्चिमेस धुण्याचा दगड, दक्षिणेस शेवगा आणि उत्तरेस स्वयंपाकघराचें दार, ऐसी चतुःसीमा. राज्याच्या धनीण खासा सुंद्राबाईसाहेब. त्यांचे यजमान हिंदुराव हे पुढील दाराचे धनी, डोईस हेल्मेट घालून दुचाकीवर तालुक्याचे गांवीं नोकरीस जात आणि येत. मागील दारीं त्यांचा अंमल चालत नसे, आणि ते चालवूं पाहत तेव्हां कांहींतरी फुटत असे. राज्यांत कोंबड्या पांच, खुराडें एक, अंडीं घालावयास गवत घातलेली पाटी एक, आणि या सर्वांचे रखवालीस सरनौबत तुरेराव कोंबडे. यांची बांग मुलुखांत निराळी. खणखणीत निघे, उंच चढे आणि शेवटीं एकाएकीं मोडे, जैसें मोठ्यानें बोलतां बोलतां कोणास ठसका लागावा. यांचे बापाची बांग ऐसीच, आज्याचीही ऐसीच. तो वंश बाईसाहेबांचे माहेरचा. माहेरीं पहाटे ती बांग झाली म्हणजे मातोश्री चुलीपासून हांक मारीत, "सुंदे, ऊठ बाई, मोडका आरवला." पुढें मातोश्री निवर्तल्या, बंधूंनीं घर मोडून शहर जवळ केलें, आणि तेसमयीं बाईसाहेबांनीं न भांडीं मागितलीं न दागिना, डालगेंभर पिलें मागितलीं आणि एस्टीमधून मांडीवर घेऊन आल्या. त्यांतील कांहीं कावळ्यानें नेलीं, कांहीं मांजरानें नेलीं, आणि सरतेशेवटीं एक तुरेराव उरले. मग रोज पहाटे बांग होई आणि बाईसाहेब डोळे न उघडतां क्षणभर माहेरीं असत. हें त्यांनीं कोणास सांगितलें नव्हतें. हिंदुराव तर त्या बांगेस कटकट म्हणत आणि उशी कानावर घेत.

तों कार्तिकांत ऐसें वर्तमान जे, ठिपकाबाई सकाळीं पाटींत गेल्या त्या दुपार झाली तरी उठेनात. अंग भाकरीसारखें पसरलेलें, पिसें फुगलेलीं, नजर एके ठिकाणीं लागलेली, आणि जवळ कोणी जाय तर पोटांतून गुरगुर करीत. हिंदुराव सुटीचे दिवशीं मागील दारीं आले, त्यांनीं हें पाहिलें आणि घाबरे होऊन म्हणाले, "अगं, ही कोंबडी आजारी हाय. सुजलीया बघ सगळी. डॉक्टरला फोन लावू का?"

बाईसाहेब भाकरी थापीत होत्या. तेथूनच बोलल्या, "काय बी सुजल्याली न्हाई. खुडूक झालीया, अंड्यांवर बसायचं खूळ लागलंय तिला. खोटं वाटत असंल तर हात घालून बघा."

हिंदुरावांस खोटें वाटलें. त्यांनीं हात घातला. मग ते बोट नळाखालीं धरून उभे राहिले आणि प्रकरण खुडूकपणाचें आहे हें राज्यांत सर्वमान्य जाहलें. पुढें लक्षणें पुरतीं उघड झालीं. ठिपकाबाई दिवसांतून एकदां उठत, चार दाणे घाईनें टिपीत, ऐसी एक विष्ठा टाकीत कीं धुण्याच्या दगडापर्यंत वास पोंचे, आणि खुडूक खुडूक बोलत पुन्हां पाटींत. तुरा फिका पडला. छातीचीं पिसें आपल्याच चोंचीनें उपटून गवतांत अंथरलीं. अंडीं घालणें तर सोडूनच दिलें, आणि दुसऱ्या चौघी घालावयास आल्या तर त्यांस पाटींत पाऊल ठेवूं देईनात. आणि कोणी दांडगाईनें घातलेंच तर तें आपल्या पोटाखालीं ओढून घेत. मग बाईसाहेबांनीं हात घालून काढून आणावें आणि हातावर चोंचीचा शिक्का घ्यावा, हें नित्याचें जाहलें.

वाचणारा म्हणेल, मग अंडीं देऊन बसवावी कीं एकदांची. तर वाचणारा गेल्या सालीं येथें नव्हता. गेल्या सालीं बसविली होती. बारा अंडीं मोठ्या हौसेनें खालीं घातलीं, आणि ठिपकाबाईंनीं अर्धें काम केलें आणि एके दिवशीं उठून उकिरड्यावर किडे उकरीत निघून गेल्या त्या परत म्हणून आल्या नाहींत. अंडीं गार पडलीं, नासलीं, आणि त्यांतील एक हिंदुरावांच्या हातांत फुटलें. तेव्हां बाईसाहेबांनीं ठरविलें जे, यापुढें ही बया अंड्यावर बसणें नाहीं. हिचें खूळ मोडावें. आणि मोहीम सुरू जाहली.

प्रथम पाटी उचलून घरांत नेली. ठिपकाबाई पाटीच्या मोकळ्या जागीं बसल्या. तेथें पाणी शिंपडलें. त्या सरपणांत जाऊन बसल्या. सरपण हालविलें तेव्हां ओसरीवर हिंदुरावांचें हेल्मेट उताणें पडलें होतें आणि त्यांत एक कांदा होता, तो कसा गेला हें कोणास ठाऊक नाहीं, तर त्या कांद्यावर बसून त्यांनीं डोळे मिटले. तेथून हाकलल्या. हिंदुराव दुसरे दिवशीं कचेरींत गेले तेव्हां त्यांचे केसांत ठिपक्यांचें पीस होतें आणि सारे हंसले, म्हणून घरीं येऊन ते भांडले. मग थंड पाण्याचे बादलींत पोटापर्यंत बुडवून पाहिलें. ठिपकाबाई निथळत आल्या आणि ओल्या अंगानें बसल्या. मग डालग्यांत घालून डालगें शेवग्यास टांगलें, हेतु ऐसा कीं खालून वारा लागला म्हणजे पोटाची ऊब जाईल. दिवसभर त्या तेथें झोंके घेत ओरडत राहिल्या, पारावरचे लोक येऊन पाहून गेले, आणि संध्याकाळीं खालीं उतरवितांच थेट पाटी. बाईसाहेबांच्या नाकीं नऊ आले. त्या कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "आगं, पोटाखाली काय बी न्हाई तुझ्या! कांदा हाय कांदा! कांद्यातनं काय पिल्लू निगतंय व्हय?"

शेजारील परसाच्या धनीण शेवंताबाई गडग्यावर कोपरें टेंकून हें सर्व रोज पाहत असत. वयानें वडील, आणि प्रत्येक गोष्टीचा उपाय त्यांजपाशीं तयार. त्या बोलल्या, "सुंद्रा, किती दिस खेळत बसणार हाईस? नाकात पीस घाल. एका दिसात उठंल."

हा उपाय मुलुखांत पूर्वापार चालत आला तो ऐसा जे, कोंबडीचेंच गळालेलें पीस घ्यावें आणि तिच्या नाकपुडींतून आरपार ओंवावें, म्हणजे तें दोहों बाजूंस मिशीसारखें राहतें, आणि कोंबडी तें झाडण्याच्या नादांत बसणें विसरते. बाईसाहेबांस हें कधीं आवडलें नाहीं. परंतु त्या दिवशीं डोकें फिरलें होतें, हातास नवी जखम होती, आणि शेवंताबाई गडगा ओलांडून स्वतः येऊन कोंबडी धरून बसल्या. पीस घातलें. आणि काय सांगावें, ठिपकाबाई उठल्या! मान झाडीत, मागें मागें चालत, भिंतीस धडकत, साऱ्या मुलुखांत भ्रमिष्टासारख्या फिरूं लागल्या, आणि पाटीकडे ढुंकूनही पाहिलें नाहीं. राज्यांत आनंदीआनंद जाहला. सांचलेल्या अंड्यांतील निम्मीं बाईसाहेबांनीं शेवंताबाईंच्या पदरांत घातलीं आणि उरलेल्या सर्वांची हिंदुरावांचे आग्रहावरून बुर्जी केली. घरांत एक अंडें शिल्लक ठेविलें नाहीं. जेवण होऊन दोघेंही लवंडलीं.

तेच दुपारीं धुण्याच्या दगडामागील भगदाडांतून मुंगूस शिरलें. दुसऱ्या चौघी फडफडून शेवग्यावर गेल्या. ठिपकाबाईंस नाकावरील पिसापुढें कांहीं सुचेना. त्या मान झाडीत मुंगसाचेच दिशेस चालल्या. तेव्हां तुरेराव उकिरड्यावरून उतरले. त्यांनीं ओरडून मध्यें उडी घेतली, पंख पसरले, नखी मारली, दोनदां गनिमास मागें रेटलें, आणि तिसऱ्यांदा मुंगूस त्यांचे मानेस डसलें. बाईसाहेब आवाज ऐकून धांवत आल्या, वाटेंत उचललेलें लाटणें फेंकून मारिलें, मुंगूस पळालें. परंतु तुरेराव धुण्याच्या दगडापाशीं पडले होते आणि ठिपकाबाई त्यांजभोंवतीं मिशी झाडीत फिरत होत्या. बाईसाहेब तेथेंच मातींत बसल्या. कोंबडा मांडीवर घेतला, जैसा एस्टींत घेतला होता, आणि मग मोठ्यानें रडल्या. हिंदुराव मागें येऊन उभे राहिले आणि जें बोलूं नये तें बोलले, "रस्सा तरी..." बाईसाहेबांनीं वळून पाहिलें. हिंदुरावांनीं निमूट फावडें आणिलें आणि शेवग्याखालीं खड्डा खणिला. त्यानंतर बाईसाहेबांनीं ठिपकाबाईंस पकडून नाकांतील पीस अलगद ओढून काढिलें आणि म्हणाल्या, "माझ्याच हातानं घातलं गं. माझ्याच."

दुसरे दिवशीं पहाटे बांग झाली नाहीं. बाईसाहेब उठल्या त्या ऊन्ह अंगणांत आल्यावर, आणि चहा उतू गेला तरी पाहत राहिल्या. शेवंताबाई गडग्यावर आल्या. त्यांस माहेरची गोष्ट ठाऊक नव्हती, परंतु वंश गेला म्हणून दुःख आहे इतकें समजलें. त्या बोलल्या, "रडू नगंस. कोंबडा गेला तरी कोंबड्यांच्या पोटात त्याचं बी आठवडाभर राहातंय. आता जी अंडी पडतील ती त्याचीच. ती खाऊ नगंस, ठेव."

बाईसाहेब ताडकन उठल्या. त्या दिवसापासून जें अंडें पडे तें ऊन ऊन उचलावें, त्यावर कोळशानें फुली करावी, ही खूण विशेषेंकरून हिंदुरावांसाठीं, आणि कोंड्याचे मडक्यांत गार जागीं ठेवावें. ऐसीं आठ अंडीं जमलीं. त्यांपुढें अंड्यांचा भरंवसा नाहीं. आठ अंडीं, आणि त्यांत माहेरची बांग. आतां फक्त वर बसणारी पाहिजे. आणि राज्यांत खुडूक कोंबडी एकही नाहीं, कारण जी होती ती सर्वांनीं मिळून मोठ्या पराक्रमानें बरी केली होती! शेवंताबाईंची एक होती, तिचेही नाकांत गेल्याच आठवड्यांत पीस गेलें होतें.

मग राज्यकारभार सारा उलटा फिरला. जिला उठविण्यास आठ दिवस फौज राबली तिला बसविण्यास तीच फौज राबूं लागली. डालग्यांत मऊ गवत घातलें, अंडीं मांडिलीं, ठिपकाबाईंस आंत ठेवून वर पोतें टाकून अंधार केला. आंत धडपड जाहली. पोतें काढून पाहतात तों ठिपकाबाई उभ्या, आणि एका अंड्यांत पाय. उरलीं सात. बाईसाहेब रडकुंडीस येऊन म्हणाल्या, "बस की गं बाई माझे! कांद्यावर बसत हुतीस, आता खरी अंडी दिली तर काटं टोचत्यात व्हय तुला?" बाजरी दिली, गूळ लावून भाकरी दिली, गोंजारलें, दटाविलें, हात जोडिले. ठिपकाबाईंनीं बाजरी खाल्ली. डालगें पाहिलें कीं पंख झाडून ओरडत आणि उकिरडा गांठीत. हें तेंच डालगें, ज्यांत त्यांस दिवसभर शेवग्यास टांगिलें होतें. परंतु ही गोष्ट राज्यांतील कोणाही शहाण्याचे ध्यानीं आली नाहीं.

हिंदुरावांस तुरेरावांविषयीं तें बोलल्याचें मनांत लागून राहिलें होतें. त्यांनीं आपण होऊन बुटाचे खोक्यांत दिवा बसवून ऊब देण्याचें यंत्र सिद्ध केलें. वीज गेली, अंडीं गार झालीं. वीज आली, खोकें इतकें तापलें कीं बाईसाहेबांनीं हात लावून किंकाळी फोडिली. हिंदुराव म्हणाले, "दिवा बदलून बघतो, थांब जरा." बाईसाहेबांनीं सातही अंडीं पदरांत घेतलीं. "खोक्याला हात लावू नगा! उकडून खायची हाईत व्हय?" पदर जड, म्हणून ओसरीवर जें समोर दिसलें त्यांत अंडीं ठेविलीं. समोर हेल्मेट उताणें होतें आणि आंत हिंदुरावांचा मफलर. तें ठेवून त्या आंत गेल्या आणि दिव्यावरून जें भांडण जुंपलें त्यांत लग्नापासूनचे सर्व विषय येऊन गेले. घसा बसल्यावर बाईसाहेब बाहेर आल्या.

ठिपकाबाई हेल्मेटांत बसल्या होत्या. अंग पसरलेलें, पिसें फुगलेलीं, नजर एके ठिकाणीं. बाईसाहेबांनीं श्वास रोखून हात पुढें केला. पोटांतून गुरगुर आली. हात आणखी पुढें केला. ऐसी कडक चोंच बसली कीं रक्त निघालें. आणि बाईसाहेब ओरडल्या, "टोचलं! आवं, टोचलं तिनं मला! या की लवकर, टोचलं!" हिंदुराव हळदीचा डबा घेऊन धांवत आले आणि पाहतात तों बायको बोट चोखीत रडते आहे आणि हंसते आहे. मग त्यांचें लक्ष हेल्मेटाकडे गेलें.

"माझं हेल्मेट..."

"बसनं जा."

तेव्हां हिंदुराव रोज एस्टीनें जाऊं लागले, उभ्यानें. इकडे बंदोबस्त ऐसा जाहला जे, हेल्मेट लवंडूं नये म्हणून दोन विटांत अडकविलें, उवा होऊं नयेत म्हणून भोंवतीं चुलीची राख पसरली, दाणापाणी हाताच्या अंतरावर ठेविलें, आणि दिवसांतून एकदां बाईसाहेब ठिपकाबाईंस पोटाखालीं हात घालून उचलून अंगणांत सोडीत, कारण एकसारख्या बसून कंटाळल्या तर या मागील सालाप्रमाणें अर्ध्यावर जातील कीं काय हा धाक. त्या अंगणांत गेल्या कीं बाईसाहेबांचा जीव टांगणीस लागे. त्या परतून बसल्या कीं भांड्यांत पडे. आठवड्यानें स्वयंपाकघराचीं दारें लावून एकेक अंडें मोबाईलच्या उजेडावर धरून पाहिलें. दोन कोरीं निघालीं. पांचांत लाल शिरांचें जाळें दिसलें आणि मध्यें एक ठिपका हालला. बाईसाहेबांनीं हिंदुरावांस बोलावून दाखविलें. त्यांनीं तें पाहिलें, बराच वेळ पाहिलें, आणि त्या दिवसापासून एस्टीविषयीं तक्रार केली नाहीं. उलट सुटीचे दिवशीं धुण्याच्या दगडामागील भगदाड स्वतः दगडमातीनें बुजविलें आणि वर तारेची जाळी ठोकली. या वेळीं कांहीं फुटलें नाहीं.

मार्गशीर्ष सरतां हेल्मेटांतून चिवचिव आली. पांचांपैकीं चार पिलें निघालीं. त्यांतील तीन पुढें तलंगा, म्हणजे माद्या, ठरल्या आणि एकास तुरा फुटला. त्या एकावर बाईसाहेबांची अशी नजर कीं कावळा शेवग्यावर बसावयास भीत असे. परंतु पोर मुकें. पौष गेला, माघ गेला, दुसऱ्यांचीं कोंबडीं ओरडूं लागलीं, हें गळा ताणी आणि दारासारखें करकरे. बाईसाहेब रोज पहाटे जाग्या होऊन पडून राहत, आणि मग उठत.

फाल्गुन सरून संवत्सर पालटलें, विश्वावसु लागलें. हेल्मेट घांसून धुऊन हिंदुरावांचे स्वाधीन झालेंच होतें. चैत्रांत एके सकाळीं, अद्याप पुरतें फटफटलें नव्हतें, हिंदुराव कामास लवकर निघावयाचे म्हणून ओसरीवर आले आणि थांबले. ठिपकाबाई हेल्मेटांत बसल्या होत्या. खालीं एक कांदा. गुरगुर. हिंदुराव म्हणाले, "अगं ए! पुन्हा!"

बाईसाहेबांचें डोकें उठलें. "आता गं काय? आत्ता कुठं मोकळी झालीस न्हवं? किती छळशील, सटवे?" हा कालवा ऐकून शेवंताबाई गडग्यावर उभ्या राहिल्या, आणि त्यांचे हातीं पीस होतें. "हे घे सुंद्रा. घाल नाकात, सुटशील." बाईसाहेबांनीं रागाचे भरांत पीस घेतलें, ठिपकाबाईंची मान धरली, आणि तोंच धुण्याच्या दगडावर तें मुकें पोर चढलें. त्यानें पंख झाडिले, गळा ताणिला, आणि बांग दिली. खणखणीत निघाली, उंच चढली, आणि शेवटीं एकाएकीं मोडली.

बाईसाहेबांचा हात सुटला. त्या तैशाच उभ्या राहिल्या आणि हळूच म्हणाल्या, "उठले गं आई."

हिंदुराव म्हणाले, "कोण आई?" शेवंताबाईही पाहूं लागल्या. बाईसाहेबांनीं डोळ्यांस पदर लाविला, पीस चुलींत टाकिलें, मडक्यांतून ताजीं अंडीं आणून कांदा काढून त्या जागीं एकेक सारलीं, दोनदां टोचून घेतलें, आणि यजमानांस म्हणाल्या, "बसनं जा. संध्याकाळी आला की सांगते."

सारांश, परसराज्यांत कोंबडी खुडूक बसली हें ओळखण्यास एक हात पुरे, आणि तिला उठविण्याचे जे उपाय वर लिहिले त्यांतील एकही बाईसाहेब आतां कोणास सांगत नाहींत. हेल्मेट ठिपकाबाईंचे नांवें कायम झालें. हिंदुरावांनीं दुसरें घेतलें, तें खुंटीस उंच टांगतात. संध्याकाळीं बाईसाहेबांनीं सांगावयाचें तें सांगितलें. दुसरे दिवशीं पहाटे बांग झाली, मोडली, आणि हिंदुरावांनीं उशी कानावर घेतली नाहीं. अंधारांतच कूस वळवून ते म्हणाले, "सुंदे, ऊठ बाई. मोडका आरवला."